रविवारचे अडीच तास : साखर कारखान्यांच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील सहकारी व खासगी साखर कारखान्यांचे अध्यक्ष, संचालक, मुख्य शेती अधिकारी आणि ऊस वाहतूक कंत्राटदार यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

गव्हाणीत, म्हणजे ऊस जिथून गाळपाला आत जातो तिथे, मोळी टाकून आपण गळीत हंगाम सुरू करता, त्याच महिन्यात आमच्या सायकल संघाची पहिली शर्यत असते. आणि मार्चमध्ये एकेका कारखान्याचा पट्टा पडू लागतो, म्हणजे गाळप संपू लागते, तेव्हा आमच्याही सायकली खोलून, बेअरिंग धुऊन, ग्रीस भरून ठेवण्याचे दिवस आलेले असतात. आपल्याकडे रस्त्यावरच्या सायकल शर्यती हिवाळ्यात होतात, कारण पावसाळ्यात रस्त्याचा भरवसा नसतो आणि मार्चनंतर ऊन सोसत नाही. ऊसही याच चार महिन्यांत तुटतो. त्यामुळे आपला आणि आमचा हंगाम एकच आहे, आणि रस्ताही एकच आहे. आपण त्यावरून अहोरात्र ऊस नेता. आम्ही त्याच्या डाव्या कडेने, मातीच्या आणि डांबराच्या मधल्या हातभर पट्टीवरून, सराव करतो.

मागणे काय आहे ते आधीच सांगतो, म्हणजे पुढचे पत्र कशासाठी वाचायचे ते कळेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दर रविवारी सकाळी साडेसहा ते नऊ या अडीच तासांत, जिल्ह्यातील आपण ठरवाल त्या एका रस्त्यावर, वीस-एक किलोमीटरच्या टप्प्यात, उसाने भरलेली वाहने सोडू नयेत. ऊसतोड थांबवा, गाळप थांबवा असे आम्ही म्हणत नाही. पैसे तर मागतच नाही.

आता आम्ही कोण ते. आमचा नऊ जणांचा हौशी संघ आहे. दोघे शिरोली एमआयडीसीतील फौंड्रीत पाळीने काम करतात, एक प्राथमिक शिक्षक आहेत, एकाचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, दोघे पूर्णवेळ शेती करतात आणि तिघे महाविद्यालयात शिकतात, त्यांपैकी दोन मुली आहेत. मी त्यांचा व्यवस्थापक. म्हणजे पूर्वी शर्यतीत उतरत असे आणि आता पन्नाशी उलटल्यावर मागून जीपमधून पाणी, केळी आणि सुटी चाके घेऊन जातो. नवांपैकी सहा घरांत ऊस आहे. संघात कोणाची सायकल कधी बदलणार हे गुडघे किंवा वय ठरवत नाही, उसाचे बिल ठरवते. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, मिळायला हवी. ती कधी मिळते हे आपल्याला माहीत आहे आणि आमच्या सायकलींच्या झिजलेल्या टायरांनाही माहीत आहे. पण तो या पत्राचा विषय नाही. सांगायचे एवढेच की, उसाशी भांडण काढून आम्ही राहणार कुठे? आमच्यातल्या प्रत्येकाने लहानपणी चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढलेला आहे.

रस्त्यावरची शर्यत म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय आमची अडचण समजणार नाही. अनेकांना वाटते की ज्याच्या पायांत जास्त ताकद तो जिंकतो. प्रत्यक्षात ताशी तीसच्या पुढे सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकामागे हात-दीड हातावर राहिले तर पाव ते तिसरा हिस्सा श्रम वाचतात, मोठ्या घोळक्याच्या पोटात त्याहूनही जास्त. म्हणून शंभर जण एका गठ्ठ्याने धावतात, आळीपाळीने पुढे येऊन वारा खातात आणि पुन्हा मागे सरकतात. वारा बाजूने असेल तर आडोसा मागे मिळत नाही, तिरका मिळतो. मग सगळा घोळका रस्त्यावर तिरकी रांग धरतो आणि रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढ्यांनाच आडोसा लाभतो. उरलेले कडेला, वाऱ्यात. कुस्तीत पट काढायला जसा जोडीदार आणि आखाडा लागतो, तसे हे शिकायला चार-सहा जोडीदार आणि रस्त्याची निदान एक पूर्ण बाजू लागते. घरातल्या रोलरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवण्याच्या साधनावर, पाय तयार होतात, पण ही विद्या येत नाही.

ती येत नव्हती, याचा हिशेब नोव्हेंबरमध्ये चुकता झाला.

पहिली शर्यत पुण्याच्या बाजूला होती, चौऱ्याऐंशी किलोमीटरची. आमचे पाच जण उतरले. सहा महिने घाम गाळलेला होता. पन्हाळ्याच्या चढावर प्रत्येकाची वेळ मागच्या वर्षीपेक्षा कमी झाली होती. पहिले चाळीस किलोमीटर ठीक गेले. मग रस्ता वळला, उजवीकडून वारा सुरू झाला आणि पुढच्या पंधरा जणांनी, कोणी शिट्टी वाजवावी तशी, एकदम तिरकी रांग धरली. आमचे चौघे एकामागे एक, डाव्या कडेला, पांढऱ्या पट्टीला चिकटून राहिले. मी जीपमधून पाहत होतो आणि मला हसावे की रडावे ते कळेना, कारण ते अगदी तसेच चालले होते जसे आपल्या ट्रॉलीला बाजू देताना चालतात. वर्षभर जी सवय लावून घेतली तीच अंगात आली. दहा मिनिटांत पुढचा गट नजरेआड झाला. एकटा फौंड्रीवाला पुढच्या गटात टिकला आणि तेविसावा आला. उरलेल्यांपैकी एकाला भोवळ आली, कारण एकट्याने वाऱ्याशी झुंजताना त्याने खिशातले खाणे काढलेच नाही. परतीच्या प्रवासात साताऱ्यापर्यंत कोणी बोलले नाही.

डिसेंबरमध्ये दिवस पालटले. मिरजेच्या बाजूला सपाट रस्त्यावरच्या शर्यतीत, मुलींच्या तीस किलोमीटर गटात, आमच्या संघातली धाकटी मुलगी दुसरी आली. ही मुलगी करवीर तालुक्यातली. वडिलांचा दीड एकर ऊस आणि दोन म्हशी. सायकल तिसऱ्या हाताची, तिचे मागचे गिअर बदलताना बोटाने तार ओढावी लागते. शेवटच्या दोनशे मीटरवर तिने गिअर बदललाच नाही, कारण बदलायला गेले तर साखळी उतरेल ही भीती. आहे त्याच गिअरवर पाय इतके भराभर फिरवले की अंतिम रेषेवर ती खोगिरावर उड्या मारत होती. त्या संध्याकाळी आम्ही सगळे गंगावेशीत म्हशीच्या धारेचे दूध प्यायला गेलो. तिला दुसरा पेला हवा होता पण मागायचा संकोच वाटत होता, हे शिक्षकांनी ओळखले. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. मुलींच्या गटात चौदाच स्पर्धक होत्या; घोळका लहान असला की त्यात राहण्याचे कसब कमी लागते आणि चढावर कमावलेल्या पायांवर भागते. म्हणून या यशाने आमचा मूळ प्रश्न सुटला नव्हता, फक्त आम्ही तो दोन आठवडे विसरलो.

नंतरच्या रविवारी आम्ही सात जण सरावाला निघालो. रस्त्याचे नाव आणि त्या भागातील कारखान्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण जे घडले ते जिल्ह्यातील कोणत्याही रस्त्यावर घडू शकले असते. सकाळचे पावणेसात वाजले होते. डिसेंबरअखेर कोल्हापुरात सातनंतरच सूर्य उगवतो, त्यामुळे उजाडले होते पण सावल्या पडल्या नव्हत्या. किंचित उतार होता आणि वेग ताशी बेचाळीस. म्हणजे सेकंदाला साडेअकरा मीटरहून थोडे जास्त, आणि दोन चाकांमध्ये अंतर अर्धा मीटर. एका फडातून थोड्या वेळापूर्वीच जोड ट्रॉली रस्त्यावर चढली होती. तिच्या टायरांनी पाणी दिलेल्या रानातला चिखल तीस-चाळीस फूट डांबरावर ओढत आणला होता, त्यावर दव पडून त्याचे लोणी झाले होते, आणि त्या लोण्यात उसाची दोन कांडी आडवी पडली होती. उसाच्या कांड्यावर, पेराजवळ, पांढरट मेणचट पूड असते. ओल्या डांबरावर ते कांडे अंगठ्याएवढ्या रुंदीच्या टायरखाली आले की लाटण्यासारखे फिरते. पहिल्या दोघांनी चुकवले. तिसऱ्याला दिसलेच नाही, कारण त्याच्यासमोर दुसऱ्याची पाठ होती. पुढचे चाक डावीकडे गेले, तो उजवीकडे, आणि त्याच्यावर मागचे तिघे.

आवाज आठवतो तो माणसांचा नव्हे. कार्बनचे भाग डांबरावर घासले की पत्रा फाटल्यासारखा आवाज येतो, आणि तो थांबल्यावर एखादे चाक हवेत बराच वेळ टिकटिकत फिरत राहते.

शिक्षकांचे गळपट्टीचे हाड मोडले. एका विद्यार्थ्याच्या मांडीची आणि कोपराची सालटे निघाली, आणि आणखी एकाच्या सायकलचा पुढचे चाक धरणारा काटा तडकला. चौथा, आमचा शेतकरी, डोक्यावर आपटला. त्याचे हेल्मेट मधोमध दुभंगले आणि डोके शाबूत राहिले. व्यावसायिक शर्यतींतसुद्धा हेल्मेटची सक्ती २००३ पर्यंत नव्हती. पॅरिस–नीस शर्यतीत किव्हिलेव्ह हा कझाक खेळाडू हेल्मेटशिवाय पडून मरण पावला, तेव्हा जागतिक संघटनेने नियम केला. आमच्याकडे तो नियम पहिल्या दिवसापासून आहे आणि त्यावरून मी पोरांशी बरेच भांडलो आहे. आता भांडावे लागत नाही. ते दुभंगलेले हेल्मेट दुकानात खिळ्याला टांगलेले आहे.

ट्रॉलीचा चालक अर्ध्या किलोमीटरवर चहाला थांबला होता. कोणीतरी सांगितल्यावर तो पळत आला, खांद्यावरचा टॉवेल शिक्षकांच्या हाताला झोळीसारखा बांधून दिला आणि मग रस्त्याकडे बघून म्हणाला, "मागच्या ट्रॉलीतनं काय पडतंय ते आमास्नी दिसतच न्हाई वो." रात्री एकपासून तो जागा होता आणि ती त्याची दुसरी खेप होती. आमच्या पोरांपैकी एकाने त्याच्यावर आवाज चढवला, तेव्हा त्याने उलट उत्तर दिले नाही. बाजूच्या रानातून उसाचे वाडे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आणले आणि खाली वाकून रस्ता झाडू लागला. मी या माणसाला दोष देऊ शकत नाही. त्याच्या पुढे इंजिन, मागे दोन ट्रॉल्या, त्यांच्या दोन्ही बाजूंनी लोंबणारा ऊस आणि खेपेवर ठरणारे पैसे.

आमचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर पत्र एकांगी होईल. आमच्यातला एक जण भरलेल्या ट्रॉलीच्या मागे लागून, तिचा आडोसा घेत, तिच्याच वेगाने जाण्याचा खेळ करत असे. ट्रॉलीने ब्रेक लावला तर काय होईल याचा विचार त्या वयात येत नाही. हे कळल्यावर त्याला दोन शर्यती बसवले. दोनदोनच्या रांगेने चालून आम्ही मागच्या गाड्यांचा खोळंबा केला आहे आणि त्याबद्दल ऐकूनही घेतले आहे. एका रविवारी कारखान्याला निघालेल्या बैलगाडीजवळून इतक्या वेगाने गेलो की बैल बुजले, आणि गाडीवानाने आमच्या सात पिढ्या काढल्या. त्या त्याने योग्यच काढल्या.

जानेवारीत संघात पाचच जण उरले. शिक्षकांच्या खांद्यात प्लेट बसवली. ज्याचा काटा तडकला त्याने घरी सांगितले नाही, आणि नवा काटा कोणाच्या पैशाने आला हे संघात सगळ्यांना माहीत आहे पण कोणी बोलत नाही. दोन घरांतून निरोप आले की पोराला रस्त्यावर पाठवणार नाही. मी त्या घरी जाऊन आलो. आई म्हणाली, शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळू दे, तिथे निदान ट्रॅक्टर येत नाही. याला काय उत्तर द्यायचे?

त्याच महिन्यात पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर झाली. जागतिक सायकलिंग संघटनेच्या २.२ दर्जाची ही शर्यत, एक छोटा प्रारंभिक टप्पा आणि चार मोठे टप्पे. आम्ही जीप करून बारामतीच्या बाजूचा टप्पा पाहायला गेलो. दोन्ही बाजूंना ऊस होता, तोडणी चालू असण्याचेच ते दिवस होते, आणि परदेशी संघ रस्त्याची पूर्ण रुंदी वापरून, आमच्या पोरांना नोव्हेंबरमध्ये जमली नव्हती ती तिरकी रांग धरून, पंख पसरलेल्या बगळ्यांच्या थव्यासारखे निघून गेले. शर्यत जाईपर्यंत रस्ता वाहतुकीला बंद होता. आमचा फौंड्रीवाला बराच वेळ रिकाम्या रस्त्याकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "आपल्याला हे वर्षातनं एकदा नको, आठवड्यातनं एकदा पायजे."

परतल्यावर मी जिल्ह्यातील एका कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांना भेटलो. माझी तयारी नकार ऐकण्याची होती, म्हणून मी त्यांचे म्हणणे आधीच मांडले. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, साखर उतारा उतरतो. गाळप चोवीस तास चालते. वाहने अडवली तर गव्हाण रिकामी पडेल. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मला केनयार्डात नेले. तिथे वाहने नंबर लावून उभी होती. ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या. चालक गाडीखाली घोंगडे अंथरून झोपलेले. रविवारी सकाळी यार्डात कित्येक तासांचा ऊस उभाच असतो, असे ते म्हणाले. एका रस्त्यावरच्या खेपा दोन-अडीच तास उशिरा निघाल्या तर त्या यार्डाऐवजी फडात थांबतील, एवढाच फरक पडेल.

पुढचे तीन रविवार त्यांनी तसे करून दाखवले. शनिवारी संध्याकाळी चिटबॉयमार्फत, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कर्मचाऱ्यामार्फत, ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांना आणि वाहनचालकांना निरोप जायचा की या बाजूच्या भरलेल्या गाड्या उद्या नऊनंतर हलवायच्या. चालकांना दोन तास झोप मिळाली आणि त्यांनी तक्रार केली नाही. गव्हाण एक मिनिटही रिकामी राहिली नाही, हे मला त्यांनीच फोन करून कळवले. पहिल्या रविवारी आम्हाला मोकळ्या रस्त्यावर बुजल्यासारखे झाले. पाचही जण सवयीने डावी कड धरून चालले होते आणि मला जीपच्या खिडकीतून ओरडून सांगावे लागले की बाबांनो, रस्ता तुमचा आहे, उजवीकडे सरका. दुसऱ्या रविवारी रांग धरली आणि तुटली, धरली आणि तुटली. तिसऱ्या रविवारी वारा पश्चिमेकडून बाजूने आला आणि सहा किलोमीटर ती रांग तुटली नाही.

चौथ्या रविवारी मात्र निरोप एका कंत्राटदारापर्यंत पोचला नाही आणि वळणावर तीन जोड ट्रॉल्या समोर आल्या. काही झाले नाही, आम्ही थांबलो. पण चालकाने लावलेल्या गाण्यांचा आवाज इतका मोठा होता की आमच्या जीपचा हॉर्न त्याला ऐकू गेला नाही.

फेब्रुवारीतल्या हंगामाच्या शेवटच्या मोठ्या शर्यतीत आमचे चार जण होते. अंतर शहाण्णव किलोमीटर, वाटेत एक घाट. नोव्हेंबरसारखाच वारा सुटला, आणि या वेळी चौघांपैकी तिघे पुढच्या रांगेत होते. घाटात त्यांतला एक मागे पडला. शेवटी फौंड्रीवाला पाचवा आणि सायकल दुकानवाला अकरावा आला. बक्षीस पहिल्या तिघांनाच होते, त्यामुळे हाती काही लागले नाही, पण परतीच्या जीपमध्ये साताऱ्यापर्यंत कोणी गप्प बसले नाही. धाकटीची साखळी मात्र तिच्या शर्यतीत सातव्या किलोमीटरला उतरली आणि परत चढेपर्यंत घोळका गेला. ती तेवीस किलोमीटर एकटी चालवून शेवटून दुसरी आली. चाळीस मिनिटे कोणाशी बोलली नाही. मग विचारले, पुढच्या हंगामापर्यंत उसाचे बिल येईल का.

आता आपण विचाराल की एका अधिकाऱ्यांनी मदत केली असताना खुल्या पत्राची गरज काय. गरज आहे ती यासाठी की ती मदत त्यांच्या भलेपणावर चालली होती. ते बदलून गेले किंवा निवृत्त झाले की आम्ही पुन्हा पांढऱ्या पट्टीवर. शिवाय ऊस गटागटांतून, तालुक्याबाहेरूनही येतो. एकाच रस्त्यावरून दोन-तीन कारखान्यांची वाहने जातात आणि एकाने थांबवली तरी दुसऱ्याची चालूच राहतात. म्हणून हंगामापूर्वी वाहतुकीचे करार होतात, तेव्हाच त्यात ही एक ओळ यावी आणि ती सर्व कारखान्यांनी मिळून एकाच रस्त्यासाठी घ्यावी, एवढे आमचे मागणे आहे.

रस्ता कोणता, हे आपणच ठरवा. गगनबावड्याच्या बाजूचा चालेल, राधानगरीच्या बाजूचा चालेल, भुदरगडात दिलात तर तिथेही आम्ही पहाटे जीपवर सायकली बांधून येऊ. पन्हाळ्याकडे जायचे तर रत्नागिरी महामार्गाच्या चौपदरीकरणामुळे सध्या त्या बाजूला गटाने जाता येत नाही. पुणे–बंगळूर महामार्गावर पोरांना नेण्याची माझी हिंमत नाही. रंकाळ्याभोवती फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते आणि ती असावीही. सायकलींची बंदिस्त धावपट्टी हवी तर पुण्यात बालेवाडीला जावे लागते. पहाटे उठून तिथे जाऊन दुपारच्या पाळीला शिरोलीत हजर राहणे जमणारे नाही.

याशिवाय एक किरकोळ गोष्ट. मागच्या ट्रॉलीच्या पाठीला आपण हंगामाच्या सुरुवातीला रेडियमच्या पट्ट्या लावून घेता, पण लोंबणाऱ्या उसाखाली त्या झाकल्या जातात. त्या पट्ट्या कापडावर शिवून उसाच्या मोळ्यांवरून बाहेर टांगल्या तर त्या दिसतील. त्याचा उपयोग आमच्यापेक्षा रात्री मोटारसायकलवरून घरी जाणाऱ्या माणसाला जास्त होईल.

खेळासाठी कारखान्यांनी काही करणे ही या जिल्ह्यात नवी गोष्ट नाही. अनेक कारखाने मल्लांना मानधन देतात, मॅटवरच्या आणि मातीतल्या कुस्त्या भरवतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक जिंकणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, आणि खेलो इंडियात महाराष्ट्रासाठी सायकलिंगची सुवर्णपदके जिंकणारी पूजा दानोळे हातकणंगले तालुक्यातल्या इंगळीची. आमच्या संघातून असे कोणी निघेल असे मी म्हणत नाही. फौंड्रीवाल्याचे वय एकतीस आहे आणि पाचवा क्रमांक ही कदाचित त्याची सर्वांत मोठी कमाई ठरेल. पण धाकटी एकोणीसची आहे.

आमच्याकडून काय देता येईल तेही लिहितो. दर रविवारी ठरलेल्या टप्प्याच्या दोन्ही टोकांना आमची माणसे शिट्टी आणि झेंडा घेऊन उभी राहतील. रिकाम्या परतणाऱ्या वाहनांना, एसटीला, दूध संकलनाच्या गाड्यांना आणि गावकऱ्यांना आम्ही अडवणार नाही. ते आले की एकेरी रांग धरू. नऊ वाजून एक मिनिटानेही रस्त्यावर दिसलो तर पुढच्या रविवारची सवलत काढून घ्यावी. फडातून रस्त्यावर येणाऱ्या वाटांच्या तोंडाशी सांडलेला चिखल आणि वाडे सरावाआधी आम्ही खराट्याने झाडून घेऊ. खराटे आमच्याकडे आहेत. आणि ज्या शेती अधिकाऱ्यांनी तीन रविवार रस्ता दिला, त्यांच्या नोंदी आपल्याला पाहायच्या असतील तर त्यांची हरकत नाही, असे त्यांनी मला सांगितले आहे.

वाहतुकीचे करार पावसाळ्यातच होऊ लागतात हे मला ठाऊक आहे, म्हणून पत्र मार्चमध्ये लिहीत आहे. आपल्यापैकी ज्यांना बोलावेसे वाटेल त्यांनी दिवस कळवावा, मी आणि शिक्षक दोघे येऊ. त्यांचा हात आता डोक्यावर जातो. शनिवारची संध्याकाळ सोडून कोणतीही वेळ चालेल, कारण शनिवारी संध्याकाळी धाकटीच्या सायकलीची साखळी तपासायची असते.

आपला नम्र,
एका हौशी सायकल संघाचा व्यवस्थापक,
कोल्हापूर